नकाशातल्या पांढऱ्या जागा

११ जानेवारी

शेल्फ फुटलं. सकाळी दाढी करत होतो, अर्धा गाल फेसात, आणि संचालकांचा फोन. आमचे संचालक माझ्याहून दहा वर्षांनी लहान, पण फोनवर असे बोलतात की मीच त्यांच्याकडे अर्ज घेऊन आलोय. "सर, ते तुमचं शेल्फ गेलं ना हो!" तुमचं म्हणे. मीच जाऊन लाथ मारून आलो असेन.

उद्या-परवा वर्तमानपत्रवाले येतील. त्यांना सोपं कसं सांगायचं ते इथेच लिहून बघतो. डोंगरातून उतरणारी बर्फाची नदी समुद्राला मिळते तेव्हा तिचं तोंड पाण्यावर तरंगायला लागतं. त्या तरंगत्या बर्फाच्या फळीला आम्ही शेल्फ म्हणतो. शेल्फ मुळात पाण्यावरच असतं, म्हणून ते फुटलं-वितळलं तरी समुद्र वाढत नाही. पण त्याचं दुसरं काम असतं. दोन्ही बाजूंच्या डोंगरांना घासत ते मागच्या नदीला अडवून धरतं. ते गेलं की नदी मोकाट सुटते, वेगाने समुद्रात उतरते, पातळ होते, तिला भेगा पडतात. आणि तो बर्फ जमिनीवरचा असल्यामुळे त्याने मात्र समुद्र वाढतो.

हे झालं इतर शेल्फांचं. आमचं शेल्फ बिनकामाचं होतं. त्याच्या कडा डोंगरापासून कधीच सुटल्या होत्या, ते कुणालाच अडवत नव्हतं, नुसतं पडून होतं. हे मी सहा वर्षांपूर्वी छापलं. 'शेल्फ गेलं तरी नदीला पत्ता लागणार नाही' हे माझं वाक्य. तेव्हा बरेच जण हसले होते. आता त्यांची तोंडं बघायची आहेत. माझं सगळं नाव या एका वाक्यावर टेकलेलं आहे, हे इथे कबूल करायला हरकत नाही.

बायको दारातून म्हणाली, "पण ती पोरं तिथेच बर्फावर आहेत ना?"

आहेत. वकीलबाई आणि तिच्याबरोबरचे चौघे. वकीलबाई ही माझी जुनी विद्यार्थिनी. पहिल्या दिवसापासून प्रत्येक आकड्यावर भांडते म्हणून हे नाव मीच ठेवलं. तिथे दक्षिण ध्रुवाकडे आता उन्हाळा, कामाचे दिवस; नदीच्या तोंडापासून बरंच वर, नदीवरच त्यांचा तळ आहे. गरम पाण्याच्या ड्रिलने बर्फाला पार बुडापर्यंत भोक पाडून खाली यंत्र सोडायचं काम चाललंय.

"त्यांना काही होत नाही," मी म्हटलं.

"तुम्ही आधी दाढी पुरी करा," ही म्हणाली.

१४ जानेवारी

पत्रकार मुलगी येऊन गेली. काठोकाठ भरलेला ग्लास आणि त्यात बर्फाचा खडा, हा माझा नेहमीचा प्रयोग करून दाखवला. खडा विरघळला, टेबलावर थेंब नाही. फोटो बरा आला असावा.

जाताजाता विचारते, "पण सर, नदी वेगाने यायला लागली, तर ते तुम्हाला कळणार कसं?" म्हणजे आम्ही इथे पत्ते कुटत बसतो असं वाटतं की काय या लोकांना? सांगितलं तिला. उपग्रह एकाच जागेची चित्रं ठरावीक दिवसांनी काढतो. दोन चित्रं शेजारी ठेवली की बर्फावरची प्रत्येक खूण किती सरकली ते संगणक शोधतो. हजारो ठिपके, प्रत्येक ठिपक्याला त्याचा वेग. कधीकधी संगणक भलतीच खूण भलतीशी जुळवतो आणि वाटेल तो वेग सांगतो. तो कचरा काढायला मी स्वतः लिहिलेली चाळणी आहे. नेहमीच्या वेगापासून जो ठिपका फार लांब गेला, तो ती फेकून देते.

"आपोआप?"

"आपोआप. पंधरा वर्षं झाली, एक तक्रार नाही."

हे तिने छापलं तर शपथ. ग्लासचा फोटो मात्र मोठा येणार.

२४ जानेवारी

फुटल्यानंतरचा पहिला नकाशा आला. वेग जसाच्या तसा!

मघापासून तीनदा बघितला. तोंडाजवळ काही पांढऱ्या जागा आहेत, तिथले ठिपके चाळणीने टाकलेत. ढग असणार. समुद्राकाठी ढगांना काही तोटा नाही. बाकी नदी गेल्या दहा वर्षांसारखीच शांत उतरते आहे. खोलीतल्या सगळ्यांना मशीनची कॉफी पाजली. ती कडू असते, पण आज कुणी तोंड वाकडं केलं नाही.

संचालकांना नकाशा पाठवला. उत्तर म्हणून एक अंगठा आला. माणसाने मान मोडून काम करावं आणि वरून अंगठा यावा!

५ फेब्रुवारी

वकीलबाईचा फोन. उपग्रहावरून येतो म्हणून आवाज विहिरीतून आल्यासारखा.

"सर, काठ्यांमधलं अंतर वाढतंय."

नदीच्या लांबीने त्यांनी बर्फात काठ्या रोवल्यात. खालची काठी वरचीपासून लांब चाललीय, म्हणजे तोंडाकडचा बर्फ पुढे ओढला जातोय, असं तिचं म्हणणं.

"कलल्या असतील," मी म्हटलं.

"सगळ्या एकाच बाजूला कशा कलतील?"

"बर्फाचा उतार एकाच बाजूला आहे म्हणून."

"काहीतरीच काय सर! बरं, मी पुन्हा मोजते."

"मोज. पण ड्रिल थांबवू नकोस."

"नाही थांबवत. तुमचा नकाशा काय म्हणतो?"

"नकाशा म्हणतो, गप्प बस आणि काम कर."

ती हसली. बरं वाटलं. पहिल्या वर्षी आमच्या स्वयंपाकघरात ओट्यावर बसून ही मुलगी आकडेमोड करायची आणि चूक सापडली माझी की अशीच हसायची. मूलबाळ नसलेल्या घरात तेवढं हसणं पुष्कळ होतं.

६ फेब्रुवारी

दुसरा नकाशा. वेग तसाच. पांढऱ्या जागा वाढल्यात. काय ते ढग!

मासिकाच्या संपादकांना पत्र लिहायला घेतलं. मथळा : 'सहा वर्षांपूर्वीचं भाकीत खरं ठरलं.' जरा जास्त होतंय का? होऊ दे.

१० फेब्रुवारी

भाजी निवडता निवडता ही सहज म्हणाली, "तंबूखाली बर्फ वाजतो म्हणे. मोठं भांडं आपटावं तसा."

"तुला कुणी सांगितलं?"

तर कळलं ते असं की वकीलबाई हिला रोज निरोप पाठवते. काकू, आज हे झालं. काकू, आज ते झालं. मी तिचा मार्गदर्शक, मोहिमेचा प्रमुख, आणि मला काठ्यांचे कोरडे आकडे. बर्फ वाजतो हे काकूंना.

"मग मला का नाही सांगत?"

हिने एक देठ खुडलं. मग म्हणाली, "तुम्हाला सांगितलं की तुम्ही समजावता."

समजावतो म्हणजे गुन्हा करतो? शिकवणाऱ्या माणसाने समजावू नये तर काय करावं? राग आला, पण गिळला.

"घाबरलीय का ती?"

"ती नाही. बरोबरची पोरं घाबरलीत. ती त्यांना धीर देते, सरांचा नकाशा शांत आहे म्हणून सांगते."

याचा मला आनंद झाला. तो चेहऱ्यावर दिसला असावा, कारण ही भाजी उचलून आत निघून गेली.

१७ फेब्रुवारी

तिसरा नकाशा. चित्रं फारच वाईट येताहेत. पांढरा पट्टा तोंडापासून वर चढत थेट तळापर्यंत आलाय. उपग्रहवाल्यांना एक खरमरीत पत्र पाठवलं.

पण गंमत पुढे आहे. जे ठिपके उरले त्यांची सरासरी काढली, तर नदी चक्क मंदावलीय! मी म्हणत होतो वेग वाढणार नाही, तो उलट घटला. संचालकांना दाखवलं. या वेळी अंगठा नाही, स्वतः खोलीत आले, खुर्ची ओढून बसले, आणि नकाशा तिथूनच वर मंत्रालयात पाठवला.

दुपारी वकीलबाई.

"सर, भेगा पडायला लागल्यात. तळाच्या खालच्या अंगाला दोन. आज सकाळी तंबूशेजारी एक, केसाएवढी, पण काल ती नव्हती. तळ हलवायची परवानगी द्या."

"आणि ड्रिल?"

"भोकात खोलवर आहे. बाहेर काढायचा तर चार दिवस जातील. मला चार दिवस थांबायचं नाही."

"अगं, उन्हाळ्यात भेगा पडतातच."

"मी सात उन्हाळे बघितलेत सर."

"आणि मी सव्वीस."

मग म्हणाली, "नकाशा अजून शांतच आहे ना?"

"शांत काय, नदी मंदावलीय."

"बरं," ती म्हणाली. भांडली नाही.

परवानगी दिली नाही. भोक बुडाला टेकायला आलं असताना केसाएवढ्या भेगेसाठी पळ काढायचा? माझ्या जागी कुणीही हेच म्हटलं असतं.

१९ फेब्रुवारी

गेली! ड्रिल भोकात सोडून, तंबू गुंडाळून, चौघांना घेऊन काठावरच्या खडकावर जुनी झोपडी आहे तिथे. विचारलं नाही, नुसतं कळवलं. 'तळ हलवला. जबाबदारी माझी.' एवढंच. पाठोपाठ तिथे वादळ सुरू झालं. ते सरेपर्यंत ड्रिल भोकात गोठून जाणार. तीन उन्हाळ्यांचं काम बर्फात.

अंगाची लाही लाही झाली. मी बोट धरून शिकवलं, आणि मलाच ही तऱ्हा! संचालकांना लिहून दिलं: परवानगी नाकारलेली असताना, आणि नकाशात कुठलंही कारण नसताना, तळ सोडला. पत्र दोनदा लिहून फाडलं. रागानेच.

ही म्हणाली, "पोरं सुखरूप आहेत ना?"

"आहेत."

"मग?"



४ मार्च

परतले सगळे. वकीलबाई खोलीत आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले, कपाळावर गॉगलची रेघ. मी बस म्हणायच्या आधी बसली, नेहमीसारखी.

"तुमचं पत्र वाचलं सर. तुमच्या जागी मीही तेच लिहिलं असतं."

भांडली असती तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती.

समिती नेमली आहे. दहा तारखेला सुनावणी. दोष तिच्यावर आला तर संस्थेतलं पुढचं कंत्राट मिळणार नाही, आणि ड्रिल टाकून आलेल्या माणसाला दुसरीकडेही कुणी बर्फावर नेत नाही. हे तिलाही ठाऊक आहे.

"तुम्ही असाल ना समितीपुढे?"

"नकाशा मांडायला बोलावलंय."

"मग झालं तर. मी काठ्या मांडते, तुम्ही नकाशा मांडा. खरं काय ते निघेल."

७ मार्च

काय झालं ते क्रमाने लिहितो. डोकं ठिकाणावर नाही.

समितीसाठी मोठा नकाशा छापायचा होता. तळाच्या आजूबाजूला सगळा पांढरा पट्टा. कुणी विचारलं, हे काय, तर? म्हणून म्हटलं, चाळणीने टाकलेले ठिपके करड्या बाणांनी दाखवू. कचरा म्हणजे काय ते समितीलाही दिसेल. कचरा कसा असतो ते मला माहीत आहे. सांडलेल्या मोहरीसारखा, एक बाण इकडे, एक तिकडे.

कागद यंत्रातून हळूहळू बाहेर यायला लागला. करडे बाण. सगळे समुद्राकडे तोंड करून. एकही वाकडा नाही. तोंडाशी लांबलचक, वर येता येता आखूड, आणि पांढरा पट्टा संपतो तिथे आजूबाजूच्या बाणांना बरोबर जाऊन मिळणारे. कचरा असा रांगेत उभा राहत नाही.

नदी सुटली आहे. जानेवारीतच सुटली होती. तोंडाशी तिपटीने धावते आहे, आणि तो वेग दर नकाशाला वर वर चढत गेला. चाळणी काढून तिन्ही नकाशे पुन्हा केले. मूळ चित्रं एकेक उघडून बघितली. ती मी आधी उघडलीच नव्हती. एकातही ढग नाही.

नेहमीच्या वेगापासून लांब गेला तो ठिपका खोटा, हे मीच संगणकाला शिकवलं होतं. तेव्हा नदीचा वेग खरोखरच बदलेल असं मनातही आलं नव्हतं. म्हणून जो जो ठिपका खरं सांगत होता तो तो फेकला गेला. जोरात धावणारे गेले, रेंगाळणारे उरले, आणि त्यांची सरासरी काढून मी नदी मंदावल्याची बातमी दिली. ते शेल्फ बिनकामाचं नव्हतं. त्याचा कुठला तरी कोपरा कुठे तरी टेकलेला होता आणि तेवढ्यावर त्याने एवढी नदी धरून ठेवली होती.

शेवटी मार्चच्या सुरुवातीला आलेल्या नव्या चित्रातून तळाच्या जागेवरचा बाण काढून बघितला. एकोणीस तारखेनंतर तो बर्फ दुपटीने ताणला गेलाय. तिथे तंबू होते. मी तिला तिथेच थांब म्हणत होतो.

८ मार्च

कुणाला बोललो नाही. ही विचारत होती काय झालं, मी पोट म्हटलं. हिने औषध दिलं, ते घेतलं.

तसं सोपं आहे. समितीपुढे उभं राहायचं आणि करडा नकाशा उलगडायचा. भाकीत गेलं. मंत्रालयात गेलेला नकाशा चुकीचा. चाळणी चुकीची, म्हणजे पंधरा वर्षांत तिच्यातून काढलेलं सगळं पुन्हा तपासा. आणि हसणारे पुन्हा हसणार, या वेळी हक्काने. भीती वाटते. या वयात एवढी वाटेल असं वाटलं नव्हतं.

तरी सांगणार. लिहून ठेवतो, सांगणार आहे.

१० मार्च

दोन्ही नकाशे नेले, वेगवेगळ्या नळकांड्यांत. लांब टेबल, न उघडणाऱ्या खिडक्या, झाकण ठेवलेले पाण्याचे ग्लास.

वकीलबाईने काठ्यांचे आकडे मांडले. नीट मांडले, आवाज न चढवता. समितीतल्या इंजिनिअरने विचारलं, "काठ्यांची जागा स्थिर जमिनीपासून मोजणारं तुमचं खडकावरचं यंत्र बंद पडलं होतं. म्हणजे काठ्या एकमेकींशीच मोजल्या?" ती म्हणाली, "हो. तेवढी उणीव आहे."

मग संचालक माझ्याकडे वळले. "सर, एकच प्रश्न. एकोणीस फेब्रुवारीला तुमच्या हातात जो नकाशा होता, त्यात वेग वाढलेला दिसत होता का?"

"नाही," मी म्हटलं.

हे खरं आहे. त्या दिवशी माझ्या हातातल्या नकाशात दिसत नव्हता. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं. पुढचं विचारलं असतं तर पुढचं सांगितलं असतं. मी थांबलोही. कुणी विचारलं नाही. करड्या नकाशाचं नळकांडं पायाशी होतं, ते बुटाने टेबलाखाली सारलं.

तिच्याकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलं. मनात म्हणत होतो, भांड बाई आता. विचार मला, या पांढऱ्या जागा कसल्या. जन्मभर आकड्या-आकड्यावर भांडलीस, आज एकदा भांड. ती आपल्या कागदांकडे बघत होती.

"सरांच्या नकाशात नसेल, तर माझ्याच काठ्या चुकल्या असतील," ती म्हणाली. "पण चार माणसं माझ्या भरवशावर होती. त्यांना मी खडकावर आणलं, त्याबद्दल मी माफी मागणार नाही."

दोष तिचा ठरला. कंत्राट नाही.

जिन्यात संचालक हळूच म्हणाले, "पुढेमागे वेग वाढलेला दिसलाच, तर नंतर वाढला म्हणता येईल." ते माझ्या डोक्यात त्यांच्याही आधी आलं होतं, आणि त्याचीच किळस येते.

१३ मार्च

हिने वकीलबाईला जेवायला बोलावलं. मला न विचारता. मी कामाचं निमित्त काढून बाहेर पडणार होतो, पण हिने माझंही ताट मांडलं होतं.

जेवताना ती चांगली बोलत होती. एका शाळेत विज्ञान शिकवायची जागा आहे, मुलाखत झाली, बहुतेक मिळेल. "मुलं बरी काकू, भेगा पडत नाहीत," म्हणाली. ही हसली आणि हसताहसता डोळे पुसायला आत गेली.

जेवण झाल्यावर तिने पिशवीतून कागद आणि पेन्सिल काढली.

"सर, रागावणार नसाल तर एक विचारू? मी तीनदा मोजलं होतं. तिन्ही वेळा तेच आलं. माझं नेमकं कुठे चुकलं, ते सांगाल? तेच कळलं नाही तर मी मुलांना काय मोजायला शिकवणार?"

ही दारात येऊन उभी राहिली होती, हात पुसत. समिती नव्हती, संचालक नव्हते, कुणी कागदावर घेणार नव्हतं. घरातली तीन माणसं. एक वाक्य पुरलं असतं. ते जिभेवर आलंही होतं.

मी चष्मा लावला. तिच्या हातातली पेन्सिल घेतली आणि एक सरळ काठी काढली. शेजारी कललेली. ऊन एका अंगाने कसं लागतं, काठीच्या बुडाशी बर्फ वितळून खळगा कसा पडतो, शेंडा कसा झुकतो, आणि सगळ्या काठ्या एकाच दिशेला का झुकू शकतात, ते सगळं सांगितलं. चांगलं सांगितलं. मी शिकवतो चांगलाच. मध्ये तिने एक शंका काढली, अगदी मर्मावर बोट ठेवणारी. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांत तीच ती काढू शकली असती. तीही मी मोडून काढली, उदाहरण देऊन.

ती खाली मान घालून लिहून घेत होती. शेवटी तिने कागदाची नीट घडी केली आणि पिशवीत ठेवली.

"थँक्यू सर," म्हणाली. "माझंच चुकलं होतं, हे कळलं एकदाचं."